यंत्राचा सूर आणि माणसाची फुंकर



संगीत या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी जिनिंग-प्रेसिंगच्या मजुरांत आयुष्य काढलेला माणूस. पगार, बोनस, हजेरी आणि कमी केलेली माणसे, ही माझी बाराखडी. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, एस.टी.च्या प्रवासात आणि मोर्चाच्या आदल्या रात्री. स्वर लावावयास सांगाल तर तो मला लागणार नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण एक क्लॅरनेटवाला आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नसराई ऐन भरात होती, आणि आमच्या भागातल्या एका बँडमध्ये चाळीस वर्षे क्लॅरनेट वाजवणारे एक गृहस्थ रिकाम्या हाताने माझ्या ओट्यावर येऊन बसले. बँडच्या मालकाने विजेवरची पेटी आणली होती. तीत क्लॅरनेट होते, ट्रंपेट होते, सनई होती, आणि वाजवावयास एक पोरगा पुरत होता. ते मला म्हणाले, "भाऊ, तुमी जिनातल्या मानसायसाठी भांडता. आमच्या पोटावर आलेल्या त्या मशिनीवर बंदी आनता येते का, पाहा ना."

मला उत्तर देता आले नाही. ज्या यंत्राविरुद्ध उभे राहावयाचे ते आतून कसे चालते हेच मला ठाऊक नव्हते. कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही आधी ते पाहून घेतो, मग बोलणीला बसतो. तीच रीत येथेही धरावी असे ठरवले. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

संघटनांनी पूर्वी काय केले?

हा प्रश्न काही आपल्याच तालुक्यात उभा राहिलेला नाही. ज्या यंत्राला सिंथेसायझर, म्हणजे आवाज जुळवून तयार करणारे यंत्र म्हणतात, त्याच्यावर बंदी घालावी असा ठराव इंग्लंडमधील वादकांच्या संघटनेच्या लंडन येथील मध्य शाखेने १९८२ साली केला होता. एका लोकप्रिय गायकाच्या दौऱ्यात वाद्यवृंदाची जागा या यंत्रांनी घेतली, हे त्याचे निमित्त. ठराव गाजला, पण साऱ्या संघटनेने तो उचलून धरला नाही, आणि यंत्रे थांबली नाहीत. उलट ती वाजवणारे आणखी बिथरले. तेही वादकच होते, त्यांचेही पोट त्यावर होते. एका कामगाराला दुसऱ्या कामगारासमोर उभे करणारा ठराव कधी तडीस जात नाही.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले. जेम्स पेट्रिलो हे त्यांचे अध्यक्ष. त्यांचे म्हणणे असे की, वादकाने एकदा वाजवावे, ती तबकडी हजार ठिकाणी फिरावी आणि तिच्यामुळे त्याच वादकाचे काम जावे, हा न्याय नव्हे. युद्धाचा काळ होता, सरकारचा दाब होता. पण संप दोन वर्षांहून अधिक चालला, आणि १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठ्या कंपन्यांनीही मान तुकवली. विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत जमा होऊ लागली, आणि त्यातून बेकार वादकांना सार्वजनिक कार्यक्रमांत काम मिळू लागले. येथे तबकडी कोणी फोडली नाही. तिच्या उत्पन्नात वाटा मागितला.

बंदी हा एक मार्ग, वाटा हा दुसरा. तिसराही एक मार्ग आहे: हत्यार स्वतः बनवता येणे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आवाज करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा मार्ग हळूहळू उघडत आला आहे, आणि आपल्याकडे त्याची वार्ता फारशी पोचलेली नाही.

आवाज म्हणजे आकड्यांची रांग

आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. हे हेलकावे सेकंदाला २४० झाले की एक स्वर ऐकू येतो. ४८० झाले की त्याच्या वरचा षड्ज. हे आपण शाळेत शिकलो. आता असे समजा की हवेचा दाब क्षणोक्षणी किती होता, ते एखादा कारकून वहीत टिपून ठेवतो. त्याने सेकंदाला ४४,१०० नोंदी केल्या, तर तेवढ्या आकड्यांवरून ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढेमागे हलवून तोच आवाज पुन्हा उभा करता येतो. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपलीकडचे ऐकू येत नाही, आणि त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक नोंदी पुरतात, म्हणून हा आकडा. बाजारातल्या संगीताच्या चकत्या याच हिशेबाने भरलेल्या असत.

येथवर झाली केवळ नोंद. पण जर आकड्यांवरून आवाज निघतो, तर कोणी वाजवलेलेच नाही असे आकडे आपण स्वतः लिहिले तर? १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी नेमके हेच केले. संगणकाला आकडे काढावयास लावून त्यांनी १७ सेकंदांची एक धून ऐकवली. धून काही मोठीशी रसाळ नव्हती. पण तार, कातडे, वेळू, पितळ यांपैकी काहीही नसताना केवळ हिशेबातून सूर निघतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आज ज्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात तो याचाच नातू. तो पेटीत नसतो, पितळात नसतो. संगणकाला लिहून दिलेल्या हिशेबाच्या कृतीत असतो.

आपल्या देशात विजेच्या आवाजाची पहिली कार्यशाळा १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभी राहिली. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग नावाचा सिंथेसायझर बसवून दिला, आणि गीता साराभाई आदी मंडळींनी त्यावर प्रयोग केले. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत केरसी लॉर्ड यांच्यासारख्या जाणत्या वादकांनी ही यंत्रे आणली. १९८२ साली चरणजित सिंग यांनी मुंबईत जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली. या सर्वांत कसब होते, पण यंत्र होते मोठ्या संस्थेपाशी नाहीतर मोठ्या पैशापाशी. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत एका वेळी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक बसत, तेथे पुढे एकेकट्याचा आवाज भरून घेण्याची रीत पडली. ज्यांचे काम गेले त्यांच्या हाती यंत्र आले नाही. ही आमच्या कारखान्यांतली नेहमीचीच कहाणी.

हमालांच्या गोलातून तंबोरा

आता हिशेबातून तार कशी छेडावी ते सांगतो. मला स्वतःला याच एका गोष्टीने या विषयात ओढले.

बाजार समितीच्या आवारात दोनशे हमाल गोल करून उभे आहेत असे समजा. प्रत्येकाच्या हाती एकेक पायली धान्य, पण भरलेली कशीही: कोणाची काठोकाठ, कोणाची अर्धी, कोणाची तळाला. मुकादम एकेकासमोरून जातो आणि पायलीत किती आहे ते मोठ्याने पुकारतो. पुढे जाताना तो आणखी एक करतो: ज्याची पायली पुकारली त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढतो, आणि तेवढेच धान्य पहिल्याच्या पायलीत ठेवतो. असे एकामागून एक फेरे चालू राहतात.

पहिल्या फेऱ्यात पुकारे अगदी ओबडधोबड असतील. पण फेऱ्यागणिक शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक मिटत जाईल, लहान खाचखळगे आधी बुजतील, मोठे चढउतार उशिरा बुजतील, आणि शेवटी सगळ्या पायल्या सारख्या होतील. आता मुकादमाने सेकंदाला ४४,१०० पुकारे केले तर दोनशे जणांचा गोल सेकंदाला सुमारे २२० वेळा पुरा होईल. आणि ते पुकारे ध्वनिक्षेपकाला दिले तर छेडलेल्या तारेचा आवाज येईल! आरंभी झणझणीत, मग गोलसर, मग विरत जाणारा. खऱ्या तारेतही असेच होते; बारीक कंपने आधी मरतात, जाड मागाहून. गोलात माणसे वाढवली की स्वर उतरतो, कमी केली की चढतो.

अमेरिकेतील केव्हिन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली ही कृती प्रसिद्ध केली. तिच्यात बेरीज आणि दोनाने भागणे यांपलीकडे गणित नाही. चौथीच्या मुलाला जमेल एवढ्या हिशेबातून तार वाजते, हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. माझ्या भाच्याने, जो खामगावला विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो, ती कृती जुन्या संगणकावर दहा-बारा ओळींत लिहून दाखवली. तंबोऱ्याची जवारी त्यात अजून आलेली नव्हती. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जो झंकार काढतात तो या साध्या हिशेबात येत नाही, त्याला आणखी कृती जोडावी लागते. पण तार होती, एवढे खरे.

इतर वाद्यांसाठी इतर कृती आहेत. त्यांत बहुधा तीन कामे येतात. पहिले, एक कच्चा नाद काढणे. दुसरे, त्याला चाळणी लावणे: लग्नाचा बँड बंद दारामागून ऐकला की ढोल तेवढा घुमतो आणि झांजा पुसट होतात, तशी ही चाळणी बारीक कंपने अडवते किंवा सोडते. तिसरे, आवाजाला उठाव आणि उतार देणे: तबल्याचा बोल एकदम उठतो आणि मरतो, बासरीचा फुंकरीसरशी हळूच वर येतो. क्लॅरनेटची नळी सरळ आणि एका बाजूने बंद असल्यासारखी असते, म्हणून तिच्या खालच्या स्वरांत मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचाच जोर असतो. कच्च्या नादात तेवढ्याच पटी घेतल्या की क्लॅरनेटची सावली ऐकू येते. मालकाच्या पेटीतले क्लॅरनेट मात्र पुष्कळदा दुसऱ्या रीतीचे असते: कोण्या खऱ्या वादकाने वाजवलेल्या स्वरांची ती साठवण असते. म्हणजे आमच्या त्या गृहस्थांची जागा यंत्राने घेतली हे अर्धेच खरे. दूरदेशीच्या एका वादकाच्या साठवलेल्या श्वासाने ती घेतली.

मोडक्या पेटीची हजेरी

आवाज संगणकात तयार झाला, पण तो वाजवावयाचा कशाने? टंकलेखनासारखी बटणे दाबून भजन होत नाही. त्यासाठी हाताखाली काहीतरी हवे. त्यालाच कंट्रोलर म्हणतात. आपण त्याला 'हातवाद्य' म्हणू. हे स्वतः आवाज करीत नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, एवढे संगणकाला कळवते.

आमच्या एका भजनी मंडळाची विजेवरची पेटी बंद पडली. वर्गणी काढून घेतलेली वस्तू. शहरातल्या दुकानात नेली तर उत्तर मिळाले, आतला भाग मिळत नाही, नवी घ्या. मंडळी हिरमुसली. भाच्याने पेटी उघडली. आतला मेंदू जळाला होता, पण एकसष्ट पट्ट्या शाबूत होत्या. तो म्हणाला, "मामा, हात चांगले आहेत. डोके दुसरे बसवू."

एकसष्ट पट्ट्यांना एकसष्ट तारा लागत नाहीत. पट्ट्या आठ रांगांत आणि आठ स्तंभांत वाटलेल्या असतात. चौसष्ट जागा, सोळा तारा. त्या सोळा तारा सोल्डर मारून आर्दुइनो नावाच्या तळहाताएवढ्या पाटीला जोडल्या. ही पाटी २००५ साली इटलीतील इव्हरेआ गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिचा आराखडा खुला ठेवल्यामुळे तिच्यासारख्या पाट्या आज काही शे रुपयांत मिळतात. ती हजेरी घेणाऱ्या मुकादमाप्रमाणे काम करते. पहिल्या रांगेला वीज देते आणि पाहते, कोणत्या स्तंभातून ओ आली; मग दुसऱ्या रांगेला, मग तिसऱ्या. सगळ्या पटाची हजेरी सेकंदात शेकडो वेळा होते. यात एक मेख आहे. एकाच वेळी तीन पट्ट्या विशिष्ट जागी दाबल्या तर वीज उलटी फिरून चौथीचीही हजेरी लागते. ही खोटी हजेरी टाळावयास प्रत्येक पट्टीपाशी डायोड नावाचा एकेरी वाट देणारा बारीक पुर्जा हवा. बहुतेक पेट्यांत तो असतो. आमच्या पेटीत होता.

पट्टी कळली, आता संगणकाला सांगावयाचे कसे? त्याची भाषा १९८३ साली ठरली. तिला मिडी म्हणतात. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोन प्रतिस्पर्धी कारखानदारांनी पुढाकार घेऊन, कोणाचेही यंत्र कोणाच्याही यंत्राशी बोलावे असा करार घडवला, आणि त्यावर मोबदला लावला नाही. मालक मालकांशी बसून एवढा चांगला करार करतात, याचे मला कामगार पुढारी म्हणून कौतुकही वाटते आणि थोडा हेवाही. करार साधा आहे: पट्टी दाबली की तीन आकडे जातात. १४४, ६०, १०० असे गेले तर अर्थ असा: पहिल्या वाद्याने, साठ क्रमांकाचा स्वर, शंभर एवढ्या जोराने सुरू करावा. जोराला कमाल १२७. हे तीन आकडे पोचावयास सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो.

पहिल्या संध्याकाळी मात्र फजिती झाली. पेटीवाल्याने पट्टी दाबावी आणि सूर मागाहून यावा. तबलेवाल्याचा ठेका आणि पेटी यांची चुकामूक होऊन भजन कोलमडले. तबलेवाले उठून निघाले होते. दोष संगणकाच्या सवयीचा निघाला. तो आकडे एकेक न देता गठ्ठ्याने देतो. गठ्ठा २०४८ आकड्यांचा असेल तर तो भरावयास सेकंदाचे सेहेचाळीस सहस्रांश लागतात. एवढ्या वेळात आवाज हवेतून सोळा मीटर जातो. म्हणजे पेटीवाला देवळाच्या दाराशी आणि तबलेवाला गाभाऱ्याशी बसल्यासारखे झाले. गठ्ठा २५६ वर आणला, अंतर दोन मीटरांवर आले, आणि भजन मार्गी लागले.

गांधाराचे भांडण

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात तयार पेटी मिळतेच की. त्याला माझे उत्तर गांधारात आहे.

तंबोऱ्याचा खर्ज लक्ष देऊन ऐकला तर त्यातून गांधार आपोआप उमटतो. जाणते त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. षड्ज २४० कंपनांचा धरला तर हा गांधार, आपल्या सप्तकात आणून, बरोबर ३०० चा. विलायती पेटीची पट्टी मात्र वेगळ्या सोयीने बांधलेली असते. कोणत्याही पट्टीला सा धरून वाजवता यावे म्हणून सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि तेथे गांधार येतो ३०२.३८ वर. फरक सव्वादोन-अडीच कंपनांचा, पण षड्जाची पाचपट १२०० आणि या गांधाराची चौपट १२०९.५ एकमेकींवर घासतात, आणि सेकंदाला साडेनऊ वेळा थरथर ऐकू येते. गवयाच्या कानाला हीच खुपते.

आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागच्या कारणांत हे एक कारण होते; बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. पण त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या एका माणसाने बंदीवाचून दुसरी वाट धरली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गवई अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने त्यांनी स्वरांची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली, आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून खास श्रुति-हार्मोनियम बनवून घेण्यात आले. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ते मांडले गेले. विद्वानांत आणि गवयांत त्यावरून वाद माजला, आणि ते वाद्य काही घरोघर गेले नाही. देवलांची मोजमापे सर्वांनी मानावीत असे माझे म्हणणे नाही. तो अधिकार माझा नव्हे. पण पाहा, एका सुराची जागा बदलावयाची तर देवलांना विलायतेतल्या कारखान्याचे दार ठोठवावे लागले.

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीत तेच काम एका संध्याकाळी झाले. संगणकातल्या कृतीत ३०२.३८ खोडून ३०० लिहिले. मंडळातल्या एका वृद्ध गायिकाबाईंनी डोळे मिटून ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "आता बसला." सा बदलला की हिशेब पुन्हा मांडावा लागतो, पण तोही संगणकच मांडतो.

याच्यासाठी लागणारी साधने विकत घ्यावी लागत नाहीत. बॅरी व्हर्को यांची १९८६ ची सीसाउंड, मिलर पकेट यांची १९९६ ची प्युअर डेटा, जेम्स मॅकार्टनी यांची सुपरकोलायडर, या आवाज घडवण्याच्या कृती आज सर्वांस मोफत आणि उघड आहेत. त्या आत कशा चालतात ते वाचता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते. ज्या हत्याराचे पोट उघडून पाहण्याची मुभा आहे, ते कामगाराचे हत्यार, असे मी समजतो.

फुंकर

आता पुन्हा त्या क्लॅरनेटवाल्या गृहस्थांकडे येतो. पेटीचे काम त्यांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, हे बोटावाल्यांचे झाले, आम्ही तर दमावाले.

बोलणे खरे होते. सिंथेसायझर म्हटले की पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, असे आपण धरून चालतो. कारण ज्या देशांत ती यंत्रे बनली तेथे पियानो घरोघर होता. पण आकडे पाठवावयाचे तर ते पट्टीनेच पाठवले पाहिजेत असे काही शास्त्र नाही. अमेरिकेत नाइल स्टायनर नावाच्या ट्रंपेटवाल्याने १९७० च्या दशकात स्वतःसाठी फुंकरीवर चालणारे विजेचे वाद्य बनवले; पुढे १९८७ साली त्याच्या आराखड्यावरून एका जपानी कंपनीने तसली वाद्ये बाजारात आणली. मिडीच्या करारातही श्वासासाठी २ हा क्रमांक राखून ठेवलेला आहे.

तेव्हा भाच्याने प्लॅस्टिकच्या पाइपावर क्लॅरनेटच्या अंतराने कळा बसवल्या, आणि तोंडाशी रबरी नळी लावून तिच्या टोकाला दाब मोजणारा पुर्जा जोडला. रक्तदाब पाहण्याच्या विजेच्या यंत्रात असतो तसलाच. फुंकरीचा जोर ती पाटी शून्यापासून १०२३ पर्यंतच्या आकड्यात वाचते, आणि त्यावरून आवाज लहानमोठा होतो. चाळणीही उघडते-मिटते, म्हणून जोराने फुंकले की सूर उजळतो.

गृहस्थांनी नळी तोंडात धरली. पहिल्या फुंकरीला यंत्र किंचाळले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत. त्यांनी दम रोखला, हळू सोडला, आणि एक लांब सूर निघाला; उठून, भरून, पुन्हा मावळणारा. मालकाच्या पेटीतला सूर शंभरदा दाबला तरी शंभरदा सारखाच येतो. हा सूर दुसऱ्यांदा तसाच आला नसता. नळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "याले दम कळते, पन ओठ नाही कळत."

त्या एका वाक्यातून पुढच्या दोन महिन्यांचे काम निघाले. क्लॅरनेटवाला ओठाच्या दाबाने सूर किंचित चढवतो-उतरवतो, हे मला आणि भाच्याला ठाऊक नव्हते. मग ओठाखाली दाब ओळखणारी बारीक पट्टी आली. पुर्जे जोडणारा पुर्जे जाणतो. वाद्यात काय हवे ते वाजवणाराच जाणतो. ही दोन ज्ञाने वेगवेगळ्या घरी राहिली तर पहिले दुसऱ्याला बेकार करते. ती एका ओट्यावर बसली तर नवे वाद्य होते. मिरजेचे शिकलगार हे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. शस्त्रांचा काळ गेला तेव्हा ते भोपळा आणि तार यांकडे वळले, आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्यांनाही जवारी कशी हवी ते गवयांनीच सांगितले असणार.

येथे मी आपली फसवणूक करणार नाही. त्या पाइपाने गृहस्थांची गेलेली लग्नसराई परत आलेली नाही. पाइपाला वीज लागते. आपल्याकडे भजन ऐन रंगात येते तेव्हा ती जाते, आणि मग जुनी भात्याची पेटीच उपयोगी पडते. मालक आजही एकाच पोराला घेऊन वराती करतो. त्याच्याशी बोलणी व्हावयाची ती संघटनेनेच केली पाहिजेत, आणि साठवलेल्या आवाजात वादकाचा वाटा मागण्याचा पेट्रिलोंचा मार्ग मी सोडलेला नाही. आज तर यंत्रे लाखो गाणी वाचून स्वतः गाणी रचू लागली आहेत. उद्याचे भांडण याहून मोठे आहे.

पण बोलणीच्या मेजावर अज्ञानी माणूस बसला तर तो बंदी मागतो किंवा दया मागतो. जाणता बसला तर हिशेब मागतो. म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत रविवारी दोन तास एक जुना संगणक, एक पाटी आणि सोल्डरची कांडी ठेवावी. बँडवाल्यांनी, भजनी मंडळांनी, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या पोरांनी आणि तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथे एकत्र बसावे. शिकवावयास माझा भाचा येईल. आणि दम कसा सोडावा ते शिकवावयास ते क्लॅरनेटवाले गृहस्थ येतील. मी त्यांना विचारले आहे, आणि त्यांनी हो म्हटले आहे. ते आज येथे शेवटच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास मला तीन वर्षे लागली, याबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.